माझा वारंगुळा

माझ्या आईवडिलांचा काडीमोड झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि भुईमुगाच्या शेंगा खात होते. शेंगांचं मुद्दाम सांगते, कारण त्या सकाळी कुणीतरी माझ्या परकराच्या ओच्यात ओंजळभर शेंगा टाकून मला देवळाच्या पायरीवर बसवलं आणि मग सगळे मला विसरले. लढाईचे दिवस होते. वडील पलटणीत होते, आणि रजा काढून आले होते ते एवढ्या एका कामासाठी. पलटणीत ते साहेबाचं ऐकत असतील, घरी कुणाचं ऐकायचे नाहीत. आई पलटणीत गेली असती तरी तिनं कुणाचं ऐकलं नसतं. दोघंही माणसं चांगली होती, फक्त एका घरात मावत नव्हती.

पंचांनी कडब्याची वाळकी काडी दोघांच्या हातात दिली, एक टोक यांच्या, एक हिच्या. काडी मोडली आणि संसार मोडला. आईनं डोरलं उतरवून दिलं. तिच्या माहेरची घागर, परात आणि दोन लुगडी तिला परत मिळाली. परातीला पोचा कुणी पाडला यावर मात्र बराच वेळ वाद झाला. तो एकदाचा मिटला, पंच धोतरं झटकून उठले, आणि तेवढ्यात एकाची नजर पायरीवर गेली.

"आनि हिचं काय?"

हिचं कुणालाच सुचलं नव्हतं. परातीचा पोचा आठवला, पोर आठवली नाही. पंच पुन्हा खाली बसले. आई म्हणाली, "पोर माजी हाय." वडील म्हणाले, "रगत माजं हाय." मी आणखी एक शेंग फोडली.

सगळ्यांत थोरल्या पंचाचा जन्म बांधाचे आणि बैलांचे तंटे सोडवण्यात गेला होता. त्याला वारंगुळा चांगला ठाऊक होता. ज्या शेतकऱ्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवतो. मग जोडी आज याच्या रानात राबते, उद्या त्याच्या. ज्याची पाळी त्याची वैरण. "तसंच करा," तो म्हणाला. "पाडवा ते दसरा बापाकडं, दसरा ते पाडवा आईकडं. पोरीचा वारंगुळा." सगळ्यांना हे एकदम पटलं. मला कुणी विचारलं नाही, पण बैलांना तरी कोण विचारतं?

तेव्हा आबा बोलले. आबा म्हणजे वडिलांचे वडील. काडी मोडेपर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. "आनि येक. पोर जितं, म्हस तितं. पोरीच्या दुधाला आमची म्हस तिच्यासंगं जाईल." पंचांनी माना डोलावल्या. पोटगी म्हणतात ती माझी ही एवढीच: काळी, चार पायांची, एक शिंग वाकडं.

वडिलांचं गाव आष्ट्याच्या अंगाला, काळ्या रानातलं. आजोळ कऱ्हाडच्या वर, डोंगराच्या कडेला. तिथं माणसांना पोटभर भाकरी होती, दुभतं मात्र नव्हतं. मधली वाट दोन दिवसांची. आबा पुढं दावं धरून चालायचे, मागं म्हैस, म्हशीवर मी आणि माझ्या मांडीवर गाठोडं. वाटेत ओळखीच्या एका घरी मुक्काम असायचा. त्या घरातही आधी म्हशीपुढं वैरण पडायची, मग माझ्यापुढं ताट यायचं.

आजोळी मामा गल्लीच्या तोंडाशी उभाच असायचा. लांबूनच ओरडायचा, "म्हस पोचली का?" मी म्हशीवर बसलेली असल्यामुळं मीही पोचले आहे हे त्याला वेगळं विचारावं लागायचं नाही. उलट फेरीत वडिलांकडची आजी आधी म्हशीभोवती एक चक्कर मारायची, तिच्या बरगड्या चाचपायची आणि म्हणायची, "वाळवली गं बाई माज्या म्हशीला!" माझ्याही बरगड्या दिसत होत्या, पण त्या कुणी चाचपल्या नाहीत. पाडवा जवळ आला की मामाला म्हशीच्या घशात हमखास खोकला ऐकू यायचा आणि आणखी चार दिवस तिला ठेवून घ्यावंसं वाटायचं. माझ्या घशात त्याला कधी खोकला ऐकू आला नाही, आणि मी तर खरोखरच खोकत होते.

मामा थट्टेखोर होता, मनानं लोणी. गावात कुणी विचारलं, ही कुणाची पोर, की तो म्हणायचा, "ही व्हय? ही म्हशीवर फुकट मिळाली." सगळे हसायचे, मीही हसायचे. पण पोराला थट्टा लवकर पचत नाही. ती पोटात तशीच राहते. तिसऱ्या वर्षापर्यंत माझी खात्रीच झाली होती की दोन्ही घरं वाट बघतात ती म्हशीची, आणि मी म्हणजे तिच्या गळ्यातली घंटा.

त्याच वर्षी, पाडव्याला पंधरा दिवस उरले असताना, म्हैस दावं तोडून कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात शिरली. दुपारी तिचं पोट फुगलं. मामानं तेल पाजलं, गावातल्या जाणत्याला बोलावलं, पण दिवस मावळायच्या आत ती गेली. मामा लहान पोरासारखा रडला. त्यानं आष्ट्याकडं निरोप पाठवला. आईनं मला जवळ ओढलं आणि न राहवून म्हणाली, "आता कोन नेतंय तुला!" तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. मी मात्र हंबरडा फोडला. आईला वाटलं, पोरगी म्हशीसाठी रडते आहे. मी माझ्यासाठी रडत होते. आता मला न्यायला कुणी येणार नाही, आणि म्हशीवाचून मला इथं तरी कुणी का ठेवावं?

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी गाठोडं बांधलं. मग कुणी हसेल म्हणून सोडून टाकलं. पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला आबा आले, धुळीनं माखलेले. त्यांच्या हातात दावं होतं आणि दाव्याला म्हैस होती, नवी, सरळ शिंगांची.

मामा चक्रावला. "आवं पाव्हनं, पोरीला न्यायला आलासा न्हवं? मग ही म्हस दोन दिस चालवत आनली, ती पुन्ना दोन दिस माघारी चालवायची व्हय?"

आबांनी म्हैस रिकाम्या खुंट्याला बांधली. "ती हितंच ऱ्हाईल. दसऱ्याला पोर यील तवा दूध दारात असाया पायजे. तवर तुमी खावा."

काडीमोडापासून आई आबांसमोर येत नसे. पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातून पाठवायची. त्या दिवशी ती स्वतः तांब्या घेऊन आली. "मामंजी, पानी घ्या." मग खाली बघत म्हणाली, "औंदा पोर हितंच ऱ्हाऊ द्या की."

आबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "वारंगुळा हाय, पोरी. तुजी पाळी तुला, आमची आमाला. सा म्हैनं घरात मला आबा म्हननारं कुनी नसतं."

आईनं माझं गाठोडं पुन्हा बांधलं आणि गाठ नको तेवढी घट्ट मारली.

वाटेत बसायला म्हैस नव्हती. दोन कोस गेल्यावर माझे पाय बोलू लागले. आबा खाली बसले आणि म्हणाले, "बस खांद्यावर." खांद्यावरून त्यांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून मला धीर आला. मी विचारलं, "आबा, तुमी म्हशीपायी न्हाई आलासा?"

आबा हसले, त्यासरशी खांद्यावर मीही हलले. "खुळी हायेस. म्हस मीच घातली मदी. एकली पोर दारात आली की लोक तिच्या भाकरी मोजत्यात. म्हशीसंगं आली की वाट बगत्यात."

"मग आता मी एकली कशी?"

"तीन वर्सं झाली की. आता तुला वळखत्यात."

मला ते पटलं नाही. सहा महिने मी त्यावर विचार करत होते.

दसऱ्याला आम्ही आजोळी निघालो. मी मोठी झाले होते, बहुतेक वाट चालतच गेले. मामा नेहमीसारखा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मला बघून त्यानं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. म्हैस त्याच्याच दारात बांधलेली होती, तिच्याबद्दल विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो दोन पावलं पुढं आला, माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"पोचलीस व्हय गं?"

"पोचले," मी म्हटलं.