निंबाखालची बांगडीवाली

माझं माहेर पारोळ्याकडचं, वकिली धुळ्याला. पण चैत्रातल्या यात्रेला मी गावात असतेच, मग कोर्टाला सुट्टी असो नसो. दुपारनंतर देवाचा भगत बारागाड्या, म्हणजे एकीला एक जोडलेल्या बारा बैलगाड्या, ओढतो. त्याआधी सकाळी गावातल्या झाडून साऱ्या बायकांनी देवळामागच्या निंबाखाली जमायचं आणि हातभर बांगड्या भरून घ्यायच्या, हा आमच्याकडचा शिरस्ता. बांगड्या भरणारी पारोळ्याहून यायची. तिच्या आधी तिची सासू यायची. दोघी मुसलमान, हे मला आज लिहावं लागतंय. तेव्हा ते कुणी बोलून दाखवत नसे, कारण त्यात बोलण्याजोगं काही नव्हतं.

हात दाबत, गप्पा मारत ती अशी बांगडी चढवायची की शेवटची बांगडी गेली तरी कळायचं नाही. तिची अहिराणी आमच्यापेक्षा ठसकेबाज. माझी चुलती, जिला सारं गाव अक्का म्हणतं, हात आखडून बसली की ती ओरडायची, "अक्का, हात ढिला सोड, मी काय तुले धरी नेत नही!" भरून झालं की अक्का आपलं वय विसरून तिला वाकून नमस्कार करायची. बांगड्या भरणारीला नमस्कार करायचाच असतो.

मग एका वर्षी ग्रामसभेत ठराव झाला की यात्रेत दुसऱ्या धर्माच्या माणसांनी दुकान लावायचं नाही. गावात कुठलं भांडण नव्हतं, तंटा नव्हता. मोबाइलवर काहीबाही फिरत होतं, तेवढंच. ज्यांच्या घरच्या बायकांच्या हातात तिच्या बांगड्या किणकिणत होत्या, त्यांनीही ठरावाला हात वर केले. त्यांत माझा सख्खा भाऊही होता. मी फोनवर त्याला नाही नाही ते बोलले. साऱ्या गावाचं नाव पुढे करून तो म्हणाला, "बठ्ठा गावनी कया, मी एकला काय करू?"

ती धुळ्याला माझ्या ऑफिसात आली. नुकसानभरपाईचं मी काढलं तर तिने हातानेच नको म्हटलं. "मले तीच जागा जोयजे, ताई. मन्ही सासू बशे ती. दुसरं काही नको."

मला स्फुरणच चढलं. मी तिला समजावून सांगितलं की शेजाऱ्याने वाईट वागवलं तर संविधान घेऊन थेट त्याच्या अंगावर जाता येत नाही, पण ग्रामपंचायतीचं तसं नाही. ती सरकारचाच भाग. धर्म पाहून तिला कुणाला वगळता येत नाही, धंदा करायचा हक्क बहुमताने काढून घेता येत नाही. ठराव रद्द करा म्हणून गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, कलेक्टरांना प्रत द्यायची, कुणी हललं नाही तर हायकोर्टाचं खंडपीठ आहेच. तिथवर जावं लागलं नाही. सुनावणी झाली, ठराव बेकायदेशीर ठरला, नेहमीची जागा तिला द्यावी असा आदेश निघाला. शेवटी एक ओळ होती, आवश्यक तो पोलीस बंदोबस्त ठेवावा. ती वाचून मला आणखीच बरं वाटलं होतं.

यात्रेच्या सकाळी ती निंबाखाली चादर अंथरून बसली, आणि चादरीला खेटून प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक पोलीस. माणूस चांगला होता बिचारा. तिच्याच बाटलीतलं पाणी पीत होता. पण बायका यायच्या, लांबूनच बघायच्या आणि रस्त्यावरच्या बांगड्यांच्या दुकानाकडे वळायच्या.

मी अक्काला गाठलं. "अक्का, जा ना. ती वाट बघतेय."

"पोलीस तठेच बशेल शे. त्यान्हा समोर हात कसा पुढे करू माय?" अक्का म्हणाली. मग हळूच, "आनि पारवरथून पोरं देखी ऱ्हायनात, कोन जास ते."

मी पोलिसाला थोडं लांब बसायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, वरून ऑर्डर आहे. काही झालं तर माझ्यावर येईल." तेही खरंच होतं.

शेवटी मी एकटीच बसले. तिने माझे दोन्ही हात भरले. एरवी अखंड चालणारं तिचं तोंड बंद होतं. मी वाकून नमस्कार केला तेव्हा पारावरची पोरं हसली. इतकं वाईट वाटलं मला, आणि रागही आला. पण कायद्यावर रागावून कसं चालेल, पोट त्याच्यावर. बारागाड्या निघायच्या आतच तिने चादर आवरली.

पुढच्या वर्षी ती आली नाही. मग अक्काच्या नातीचं लग्न ठरलं. लग्नाचा चुडा तिच्याच हातचा हवा म्हणून अक्का हटून बसली, तेव्हा आम्ही साऱ्या जणी रिक्षा करून पारोळ्याला तिच्या घरी गेलो. आतल्या खोलीत नुसता कल्ला. तिचं तोंडही पहिल्यासारखं सुटलं होतं. अक्काने वाकून नमस्कार केला. दोघींचेही डोळे भरून आले.

निघताना मी तिला बाजूला घेतलं. "यंदा यात्रेला ये. आदेश आहे आपल्याकडे. पोलीस लांब बसावा म्हणून मी अर्ज करते."

ती माझ्या हातातल्या बांगड्या उगाच सारख्या करत राहिली. "तुम्ही बठ्ठ्या मन्हा घर उन्यात, मले भलतं बरं वाटनं. पन ताई, तुमना गावमा मी पहिले बांगडीवाली व्हतू. आते मी भानगड शे."

आता निंबाखाली कुणीच बसत नाही. जागा तिची आहे. आदेश आजही कायम आहे, त्याविरुद्ध कुणी अपीलसुद्धा केलं नाही.