उदयसिंहरावांची स्टँडबाय मान

छाणीच्या उदयसिंहराव शिर्क्यांना जगातली प्रत्येक भानगड पाइपातच दिसायची. अख्खी नोकरी रिफायनरीत, पाइपलाइनच्या मेंटेनन्सला. बेसिनचं पाणी तुंबलं, चोकअप. शेजारच्या मुकुंदभाईंना खोकला झाला, चोकअप. सोसायटीची मीटिंग लांबली तरी हे गृहस्थ उठून म्हणणार, "कुठंतरी चोकअप आहे, शोधलं पाहिजे!" पणजोबा गायकवाड सरकारच्या घोडदळात होते. घोडा गेला, तलवार गेली, हट्ट तेवढा पिढ्यान्‌पिढ्या उतरत यांच्यापर्यंत आला.

आता अशा माणसाच्या बायकोला नेमका मल्टिपल स्क्लेरोसिस व्हावा! योगिनीताई चालता चालता लटपटायला लागल्या, एकाचे दोन दिसायला लागले, आणि भर उन्हात तर पाय जणू दुसऱ्या कुणाचे. एमआरआय झाला. अलकापुरीच्या डॉक्टर पूर्वीबेननी समजावलं, "काका, शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून मज्जातंतूंवर हल्ला करतात. तंतूंवरचं आवरण खराब होतं. वायरचं इन्सुलेशन जातं ना, तसं समजा."

समजा म्हणे! उदयसिंहरावांचं तोंडच उतरलं. वायर म्हणजे इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट. जन्मभर त्या इलेक्ट्रिकलवाल्यांशी यांचं हाडवैर, आणि बायकोचा आजार निघाला त्यांच्यातला! यात आपण करायचं काय? वेळच्या वेळी इंजेक्शनं आणायची, बस्स. बाथरूमचं दार जरा जास्त वेळ बंद राहिलं की ते दाराशी येऊन उभे राहायचे. भीती वाटते असं तोंडानं कधी म्हणाले नाहीत. बाहेरून फक्त विचारायचे, "साबण सापडला का गं?"

अशात रिफायनरीच्या रिटायर मंडळींच्या ग्रुपवर एक जुना व्हिडिओ आला. त्यात एक गोरा माणूस छातीठोक सांगत होता, की मानेतल्या शिरा अरुंद असल्या की मेंदूतलं रक्त खाली उतरत नाही, तुंबून राहतं, आणि त्यातूनच हा आजार होतो. शिरेत फुगा घालून ती रुंद केली, की पेशंट चालायला लागलाच! उदयसिंहराव खुर्चीतून ताडकन उठले.

"योगिनी! अगं, मेकॅनिकल निघालं! आपल्याच डिपार्टमेंटचं आहे!"

दिवे लागायच्या आत पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा गेल्या. रक्त उतरायला ढाळ नको? गवंडी लावतात तशी लेव्हल बाटली लावून त्यांनी ढाळ काढला. सकाळी बघावं तर नवरा-बायको दोघंही घसरत घसरत पायथ्याशी गोळा झालेले, उशा मात्र वर जागच्या जागी.

"अहो, आजारानं नाही पडले, ती तुमच्या या ढाळानं पडणार बघा एखाद्या दिवशी," योगिनीताई म्हणाल्या.

पुढच्या तपासणीला उदयसिंहरावांनी तो व्हिडिओ पूर्वीबेनना दाखवला. बेन हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "काका, ही थिअरी एके काळी फार गाजली. मग नीट अभ्यास झाले. काही पेशंटना खरा फुगा घातला, काहींना घातल्याचं नुसतं नाटक केलं. कुणाला काय केलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. दोघांत काही फरक पडला नाही. आणि त्या फुग्याचे धोके वेगळेच."

"पण बेन, शीर खरंच बारीक असली तर?"

"असू दे ना."

असू दे! तुंबलेली लाईन असू दे म्हणणारं माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी परगावचा एक दवाखाना हुडकून काढलाच. तिथं अजून फुगा घालत होते. आधी मानेची सोनोग्राफी पाठवा, असा निरोप आला.

"मला मानेत काही घालून घ्यायचं नाही," योगिनीताईंनी सरळ सांगितलं.

"मग काय, अशीच लटपटत राहणार तू?" आवाज चढला तो चढला. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं आणि ते उगाच पंख्याचं रेग्युलेटर फिरवत बसले.

बऱ्याच वेळानं योगिनीताई म्हणाल्या, "बरं, करते सोनोग्राफी. पण मला सांगा, एखादी लाईन चोक झालीय हे तुम्ही ठरवायचात कसं?"

उदयसिंहराव खुलले. "सोपं आहे! शेजारी राखीव ठेवलेली स्टँडबाय लाईन चालवून बघायची. तिच्यातही तसंच दिसलं, तर दोष लाईनचा नाही. मग लाईन खोलायची नाही! कितीतरी पोरांना मी शिव्या घातल्यात यावरून."

"मग या घरात माझी स्टँडबाय कोण?"

आता आली का पंचाईत! नियम स्वतःचाच, मोडणार कसा?

सयाजीगंजच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, तमने शुं तकलीफ छे?"

"काही नाही. हुं स्टँडबाय छुं," उदयसिंहराव म्हणाले आणि शर्टाचं वरचं बटण काढून ताठ बसले.

आधी योगिनीताई. तन्मय नावाचे तरुण डॉक्टर म्हणाले, "डावीकडची शीर जरा बारीक दिसतेय."

"बघ! सांगत नव्हतो मी?" उदयसिंहरावांना अगदी लॉटरी लागल्यासारखं झालं. त्याच तोऱ्यात ते टेबलावर आडवे झाले. मानेला गार जेली लागली. डॉक्टरांनी डावीकडे बघितलं, पुन्हा बघितलं, मान वळवायला लावून परत बघितलं.

"काका, चालताना तोल वगैरे जातो?"

"छे! छाणीच्या तळ्याला रोज फेऱ्या मारतो मी. का?"

"तुमची डावी शीर काकींपेक्षाही बारीक आहे."

"मशीन तपासा तुमचं!"

"मशीन बरोबर आहे, काका. कितीतरी धडधाकट माणसांत असं दिसतं. मान वळली, पाणी कमी प्यालं, तरी शीर चपटी होते. रक्त आपलं दुसऱ्या वाटेनं उतरतं."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर योगिनीताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "अहो, मग पहिला फुगा कुणाला घालायचा?"

उदयसिंहराव हसले नाहीत. मानेची जेली तशीच, ते बाहेर पायऱ्यांपाशी येऊन उभे राहिले. समोर रिक्षावाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. योगिनीताई काठी टेकत हळूहळू शेजारी आल्या.

"स्टँडबायवर पण तेच दिसतंय," ते म्हणाले. "खोलायचं नाही."

"हं."

"मग मी दुरुस्त काय करू, योगिनी? मला दुसरं काही येतच नाही गं."

एवढा दांडगा माणूस, पण हे म्हणताना त्याची हनुवटी लहान मुलासारखी हलायला लागली.

"दुरुस्तीला बोलावलंय कुणी तुम्हाला?" योगिनीताई म्हणाल्या. "इथं कठडा नाहीये. हात द्या."

त्यांनी हात पुढं केला. पण लक्ष समोरच्या रिक्षांकडे, आणि पाऊल पायरी न बघताच पुढं निघालेलं. योगिनीताईंनीच मग तो घट्ट धरला आणि म्हणाल्या, "सावकाश हं. पायरी आहे."