रव्याचं गाणं

आमचे बँडमास्तर अर्थ कळल्याशिवाय कुठलंही गाणं वाजवत नसत. क्लॅरिनेटमधून शब्द थोडेच ऐकू येतात, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "शब्द नाही निंघत, अर्थ तं निंघते ना बे!"

काही वर्षांपूर्वी एक फ्रेंच गाणं मोबाइलवर खूप चाललं. त्याच्या धृपदातला एक शब्द आमच्या पोरांना "रव्या, रव्या" असा ऐकू आला. मग वरातीत "रव्याचं गाणं" सुरू झालं की भावकीतला प्रत्येक रवी उचलून नाचवला जाई. मास्तर मात्र अस्वस्थ. मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून माझ्याकडे आले. "सर, हा रव्या कोण हाय, पाहा बरं. लग्नात काय वाजवून राह्यलो, मले समजलं पाह्यजे."

मी शोधलं. रव्या कुणीच नव्हता. त्या शब्दाचा अर्थ होता, "परत ये". गाणं एका कादंबरीवरून सुचलेलं होतं. बंदरावर जाळी विणणारा एक बाप आणि त्याच्याशी भांडून बोटीत बसून गेलेली त्याची मुलगी. मास्तर ऐकत राहिले. त्यांची थोरली मुलगी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून सुरतेला गेली, त्याला बारा वर्षं झाली होती. तिचं नाव ते घेत नसत.

त्यानंतर त्यांनी ते गाणं वरातीतून काढलं आणि पाठवणीला वाजवू लागले, अगदी संथ. एकदा वरपक्षातल्या कुणीतरी टोमणा मारला, "मास्तर, पोरगी आमच्या संगं धाडता का माघारी बोलावता?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले.

मी कादंबरीची इंग्रजी प्रत मागवली. मोताळ्याच्या आठवडी बाजाराला चहाच्या टपरीवर बसून मी त्यांना एकेक प्रकरण मराठीत सांगे. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी हात वर केला. "राहू द्या. वाईट असलं तं माह्याच्यानं पुन्हा वाजवणं होणार नाही."

यंदा खोकल्यानं त्यांचं वाजवणं बंद झालं. एका बाजारी आपणहून म्हणाले, "सर, आता शेवट सांगून टाका."

पुस्तक बरोबर नव्हतं. शेवट मला ठाऊक होता, पण तो पुस्तकातून नीट वाचूनच सांगावा, असं मला वाटलं. म्हणालो, "पुढच्या बाजारी आणतो."

"हाव," ते म्हणाले.

पुढच्या बाजाराआधीच मास्तर गेले.

तिसऱ्या दिवशी थोरली आली. खुंटीवरच्या क्लॅरिनेटकडे पाहत तिनं विचारलं, "शेवटी शेवटी काय वाजवत होते बाबा?" मी मोबाइलवर ते गाणं लावलं. ती रडता रडता हसली. "हे तं रव्याचं गाणं! आमच्या सुरतेतबी वाजते." मी तिला त्या शब्दाचा अर्थ सांगितला.

तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मग म्हणाली, "बाबाले माहीत होता?"

"हो," मी म्हणालो.

शेवटच्या पानावर ती मुलगी परत येते, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. तेवढं एक वाक्य सांगायला मी पुढच्या बाजाराची वाट पाहत बसलो.