आमटीतला केस

आख्ख्या रत्नागिरीत लपवण्यासारखं काहीच नसलेली एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे आमची खाणावळवाली आत्या. नात्याने ती माझ्या वडिलांची लांबची बहीण. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून वडिलांनी मला तिच्याकडे ठेवलं. पहिल्याच दिवशी बघते तर आत्या दारात उभी राहून जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "आजचा बांगडा कालचा हाय. खायचा तर खा, मागाहून पोट धरून माझ्या नावाने बोंबलू नको." लोक हसत आत शिरायचे आणि तोच बांगडा खायचे. बँकेतला एक कारकून म्हणायचा, इतकं खरं बोलणाऱ्या बाईच्या हातचं विषसुद्धा पचेल.

तेव्हा आत्या एवढी लठ्ठ होती, की ती स्वयंपाकघरात असली की मांजर बाहेर थांबायचं. गुडघे मात्र कुरकुरायला लागले होते. तिचे यजमान मालवाहू बोटीवर नोकरीला; वर्षातून एकदा घरी यायचे. त्यांनीच कुठून तरी शोधून काढलं, की परदेशात शिकून आलेला एक डॉक्टर मुंबईत पोट शिवून लहान करतो. दुसरी कुणी असती तर माहेरी जाते म्हणून सांगून गेली असती. आत्याने भर पंगतीत जाहीर केलं, "पोट शिवून घ्यायला जात्येय. महिनाभर दुसरीकडे जेवा." दिवाळीनंतर गेली आणि परत आली ती वाटीभर पेजेची धनीण होऊन. सगळ्यांसाठी कालवण रांधायची, स्वतः फक्त वास घ्यायची आणि पळी माझ्यापुढे धरायची. "मीठ बघ गो. माझी वाटणी तुझ्या पोटात." त्या वर्षी ती जेवढी बारीक झाली, तेवढी मी जाड झाले असेन. मासळीवालीपासून मास्तरीणबाईपर्यंत कुणीही बाई दारात आली, की आत्या तिला आत नेऊन पोटावरचे टाके दाखवायची, इतर बायका नवी साडी दाखवतात तसे.

डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं, केस गळतील, पण थोड्या महिन्यांनी परत येतील. आत्याची वेणी म्हणजे होडी बांधायला घ्यावी अशी. ती कशी गळेल, असं तिला वाटलं असावं. पण शिमगा जवळ आला आणि केस मूठमूठ हातात येऊ लागले. एका दुपारी त्या कारकुनाने आमटीतून एक लांब केस ओढून काढला. आत्या आली, तो केस उजेडात धरला आणि म्हणाली, "माझाच हाय. दुसऱ्या कोणाचा एवढा लांब असणार?" पहिल्यांदाच तिच्या खऱ्या बोलण्यावर कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी कारकून आला नाही, आणि आठवडाभरात निम्मे पाट रिकामे झाले. तिने डोक्याला पंचा घट्ट बांधून पाहिला, तरी केस निघायचा तो निघायचाच. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आजारी हाय म्हणून सांगा आणि चार महिने बंद ठेवा." आत्या उसळली. "मी आजारी नाय! आणि खाणावळ बंद झाली तर मी कोण? बोटीवरच्या माणसाची बायको, एवढीच?"

तिने न्हाव्याला बोलावलं. तो आला, काय करायचंय ते ऐकलं आणि वस्तरा पिशवीत टाकून उठलाच. "सवाष्णीच्या डोक्याला मी वस्तरा लावणार नाय. मालक बोटीवर हायत."

"मालक बोटीवर हायत, माझ्या केसांवर नाय!" आत्या गरजली. पण तो गेला. मग तिने कात्री माझ्या हातात दिली. आईला कळलं तर काय म्हणेल, हे मनात येत होतं. "हात कापतायत काय तुझे? कॉलेजात काय शिकवतात मग?" आत्या म्हणाली आणि डोळे मिटून बसली. मी कापले. उरलेलं तिने स्वतः यजमानांच्या दाढीच्या सामानाने साफ केलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं आणि दारात जाऊन उभी राहिली. रस्त्याने तो कारकून चालला होता. "ये रे मेल्या! आता केस सापडला तर तो तुझाच." कारकून थबकला, हसला, आणि मुकाट्याने पाटावर येऊन बसला. हळूहळू पंगत पुन्हा भरली.

गावाचं तोंड मात्र एवढ्याने मिटलं नाही. एक ओळखीची म्हातारी तर डोळ्यांना पदर लावूनच आली. "कधी गो कळलं?" आत्याला क्षणभर उमगेना. उमगलं तेव्हा तिने म्हातारीला बसवून भात वाढला. "त्यांचं कालच पत्र आलंय. वजन वाढलंय म्हणतात. तू जेव."

चैत्रात वहिनींकडे हळदीकुंकू होतं. त्यांची मुलगी आळीतल्या घराघरांत बोलावणं करत आली. आमच्या दारात ती मला म्हणाली, "ताई, तू ये हां." आत्या समोरच नारळ खवत बसली होती. खवणीचा आवाज थांबला. मग म्हणाली, "जा तू. डाळीत मीठ किती पडलंय ते येऊन सांग." मी गेले नाही. त्यावर ती मला खूप बोलली.

पुढच्या चैत्रापर्यंत तिचे केस मानेपर्यंत आले होते, दाट आणि कुरळे. या वेळी वहिनी स्वतः बोलवायला आल्या. त्या गेल्यावर आत्या म्हणाली, "बोलावणं केसांना आलंय, मला नाय." मला वाटलं, आता ही जाणार नाही. मी मनातून खूशही झाले. पण संध्याकाळी तिने ठेवणीतली साडी नेसली. मी बघतच राहिले, तेव्हा ती म्हणाली, "शेजार सोडून जायचं कुठे गो? वहिनी काय वाईट नाय. घाबरट हाय." आणि निघाली. मी दारात उभी होते. वहिनींच्या अंगणाच्या कडेला आत्या क्षणभर थांबली आणि तिने हळूच डोक्यावरून हात फिरवला, केस आहेत ना हे चाचपून बघितल्यासारखा. डोकं तुळतुळीत होतं तेव्हा तिला असं करताना मी कधीच पाहिलं नव्हतं.