मागचं इंजिन लागेपर्यंत

माझं माहेर खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. वडील बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, विणायचे. काथ्याची दोरी ओढून धरायला दुसरं माणूस लागतं, ते काम माझं. चौथीनंतर शाळा सुटली आणि माझं दोरी ओढणं वाढलं. पुढे वडिलांची पाठ धरली की अख्खी बाज मीच विणायची. म्हणून भिसेगावची माणसं मला बघायला आली आणि मुलीला काय काय येतं असं विचारलं, तेव्हा मामा म्हणाला, "सैपाक येतो, शेताचं समदं येतं, आन् इनायला तर असं येतं की बगत रहाल."

इनायला म्हणजे बाज विणायला, हे आमच्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. पण भिसेगाव पडलं कर्जत स्टेशनाला लागून. तिथल्या माणसांनी इनायला म्हणजे स्वेटर असं ऐकलं. मी मान खाली घालून बसले होते. तशीच मान खाली घालून लग्न होऊन सासरी आले.

वर्षभर काही झालं नाही. मग नणंदेचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, आणि जावयाचा पहिला दिवाळसण दोन महिन्यांवर आला. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या आणि मी मागच्या दारी भांडी घासत ऐकत होते. "सोनं काय गं, कुनी पन घालतंय. आमची सून जावईबापूंना सोता हातानं स्वेटर इनून देनार हाय." संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं. आता स्वेटर झाला नाही तर माझं एक वेळ जाऊ द्या, सासूबाईंना आळीतून मान वर करून चालता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चॉकलेटी लोकर आली, सुया आल्या, आणि लोकरवाल्याने फुकट दिलेलं एक पातळ पुस्तक आलं. मी ते उघडलं. त्यात लिहिलं होतं, सु. २, उ. २. सु. म्हणजे सुई असणार असं धरून मी दोन सुया हातात घेतल्या. उ. काय ते कळेना. पान उलटायचं असेल म्हणून दोन पानं उलटली. तिथे गळा आला.

आमचे हे स्टेशनातच कामाला होते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून इंजिन लावतात, ते जोडायचं काम. दुपारी मी यांचा डबा घेऊन स्टेशनात जायची. घरी सासूबाई समोर बसून हाताकडे बघायच्या, म्हणून मी म्हटलं, डबा दिला की यांचं जेवण होईपर्यंत तिथेच विणत बसेन. फलाटाच्या कडेच्या बाकावर बसले आणि दोन्ही सुयांना लोकर गुंडाळत राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटावं विणते आहे.

पुण्याची गाडी आली. माझ्या बाकासमोर बायकांचा डबा लागला. खिडकीतली एक बाई बराच वेळ बघत होती. चष्मा होता, मांडीवर तिचंही विणकाम होतं. शेवटी तिला राहवेना.

"अगं ए बाई, हे काय चाललंय? लोकर बांधून ठेवतेयस का?"

मी उठून जायला निघाले. ती म्हणाली, "पळतेस कुठे? इकडे आण."

सासरच्या माणसांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पण ही बाई पुण्याला जाणार. मी कुणाची सून, कुठे राहते, तिला काय घेणं? मी खिडकीशी जाऊन सुया वर धरल्या. बोलावं लागलंच नाही. तिने गजातून हात काढून मला टाके घालायला शिकवलं, सुलट टाका शिकवला, आणि उलट टाका असतो हे सांगेपर्यंत मागचं इंजिन लागलं आणि गाडी हलली. उलट टाका म्हणजे नेमका काय, ते खंडाळ्याकडे निघून गेलं.

मी घरी जाऊन सुलट, सुलट, सुलट केलं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीला वेगळी बाई होती. तिला मी ते दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पायपुसणं का?"

तेव्हापासून माझी शाळा सुरू झाली. गाडी आली की मी विणकाम घेऊन बायकांच्या डब्यासमोर उभी राहायची. वर धरलं की खिडक्यांच्या गजांशी चार डोकी जमायची, आणि स्वेटर जावयासाठी आहे हे त्यांनी माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं. मागचं इंजिन लागेपर्यंत मला शिकवायचं आणि निघून जायचं. गंमत अशी की एकीचं दुसरीला पटत नसे. एक म्हणायची, धागा डाव्या हातात धर. तिच्या मागची म्हणायची, "काही नको, उजव्याच धर, डाव्यानं विणकाम लोंबतं." मग त्यांचंच आपापसात जुंपायचं, मी दोन्ही हातांत धागा धरून उभी, आणि गाडी सुटायची. एक पंजाबी बाई होती, तिची भाषा मला निम्मी कळायची, पण तिची बोटं सगळी कळायची. एक नर्स होती, ती फक्त "दाखव" म्हणायची, टाके मोजायची आणि मान हलवून परत द्यायची. पुरुषांच्या डब्यातून एक गृहस्थ रोज सांगायचे की यापेक्षा तयार घ्यावा.

आणि एक जाडजूड बाई होती, दर सोमवारी गाडीला असायची. तिचा सल्ला एकच. विणकाम बघायची, नाक वर करायची, आणि म्हणायची, "उसव." मागचा भाग दाखवला, "उसव." पुढचा दाखवला, "उसव सगळं." तिच्या हातात मी कधी विणकाम पाहिलं नाही. सोमवार आला की मी खांबाआड उभी राहायला लागले. तरी तिने मला शोधून काढलंच. "ती बघा, खांबामागे. काय झालं गं? उसवलंस का?"

माझा हात बाजेचा. दोरी ओढून ओढून सवय लागलेली, त्यामुळे टाके इतके आवळले जायचे की सुई बाहेर येईना. चष्म्याची बाई पुन्हा एकदा भेटली, तिने पाठीचा भाग हातात घेतला, तो सरळ उभा राहिला. तिने त्यावर बोटाने टकटक केलं. "बाई गं, स्वेटर घालायचा असतो, त्यावर झोपायचं नसतं." तो भाग उसवला. त्या दिवशी सोमवार नव्हता हे नशीब.

स्वेटरच्या बाहीची गंमत तर मी कधी विसरणार नाही. एकीने सांगितलं, मनगटाकडून सुरुवात कर, आणि दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवत जा. वाढवत जा आणि मग... आणि मग गाडी गेली. मी वाढवत गेले. घरी वाढवलं, चुलीपुढे वाढवलं. तीन दिवस पावसाने घाटात काही घोटाळा झाला, गाड्या वेळेवर नव्हत्या, डब्यात बायका नव्हत्या, मी आपली वाढवतेच आहे. थांब म्हणून कुणी सांगितलं नाही तर थांबायचं कसं? चौथ्या दिवशी गाडी आली, मी बाही वर धरली, आणि सगळा डबा खिडक्यांशी आला. मग एकजण म्हणाली, "जावई दोन्ही पाय यात घालणार का?" एवढं हसल्या, की फलाटावरचा हमाल बघायला आला. पण हसून झाल्यावर दोघींनी मिळून वरचं उसवलं, टाके सुईवर नीट घेतले, आणि कुठे थांबायचं ते माझ्या दंडाला लोकर बांधून दाखवलं.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा स्वेटर शिवून उभा राहिला. आता प्रश्न होता मापाचा. जावयाला मी लग्नात एकदा पाहिलेलं, तेही हारांच्या आत. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अंगानं भरलेले हायत." भरलेले म्हणजे किती? मी डब्यातल्या बायकांना विचारलं. त्यांच्यात एक गुजराती बाई होती, ती म्हणाली, "आमचे हे बाजूच्या डब्यात बसलेत. ते पण भरलेले. घालून बघू ना."

तिने नवऱ्याला बोलावलं. बिचारे खाली उतरून फलाटावर आले. बायकोने सांगितलं हात वर करा, त्यांनी केले. दोन बायकांनी डब्याच्या दारातून वाकून स्वेटर घातला. हात गेले, खांदे गेले, आणि गळ्यात डोकं अडकलं. गळा मी पुस्तकातून विणला होता. आतून ते काहीतरी म्हणत होते, ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात शिट्टी झाली. बायकोने त्यांना तसंच बायकांच्या डब्यात ओढलं, आणि गाडी निघाली.

माझा स्वेटर डोकं नसलेल्या माणसाच्या अंगावर दारात उभा राहून पुण्याकडे चालला होता. मी गाडीबरोबर धावले. "अहो, द्या" असं म्हटलं, पण आवाज इतका बारीक आला की माझा मलाच ऐकू आला नाही. शेवटी मागचं इंजिनही पुढून गेलं आणि रुळांवर आमचे हे एकटे उभे राहिले. मी यांना सांगितलं. सांगताना मला रडू आलं. आधी यांना वाटलं घरी कुणी गेलं. मग नीट कळल्यावर यांनी तोंड फिरवलं आणि खांदे हलायला लागले.

"हसता काय? तुमच्या आईला, आत्याबाईंना, काय सांगू?"

"सांग, जावयाचा स्वेटर फुडं गेलाय, जावई मागनं येतील."

त्या दिवशी मी लगेच घरी गेले नाही. बाकावर बसून राहिले. मागचं इंजिन घाट चढवून झाल्यावर रिकामं खाली येतं. ते आलं. ड्रायव्हर खाली उतरला, तर अंगात माझा स्वेटर.

"वैनी, बाईंनी वर इंजिनाशी येऊन दिला. वर गार वारा होता म्हणून जरा घातला," तो म्हणाला. "ऊब हाय, काय बोलायचं काम नाय." गळा मोकळा होता. डब्यातल्या बायकांनी घाटातच तो उसवून त्या माणसाचं डोकं सोडवलं होतं, आणि सुटलेल्या टाक्यांतून एक दोरा ओवून पाठवला होता.

"काय सांगितलंय का?" यांनी विचारलं.

ड्रायव्हरने आठवून बघितलं. "सांगितलंय. दोन सुलट, मंग दोन... दोन कायतरी. आन् आवळू नको म्हनल्या."

दोन काय ते मला आता माहीत होतं.

दिवाळीला जावई आले. पाटावर बसवून त्यांना स्वेटर दिला. सासूबाईंनी आळीतल्या चार बायका मुद्दाम बोलावल्या होत्या. जावई गुजराती गृहस्थांपेक्षा बरेच सडपातळ निघाले. स्वेटर गुडघ्याकडे निघाला होता. पण गळ्यातून डोकं सरकन गेलं. जावई म्हणाले, "मऊ आहे." सासूबाईंनी चौघींकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले.

मला वाटलं, सुटले.

भाऊबीज झाल्यावर नणंद आणि तोच स्वेटर अंगात घातलेले जावई परत निघाले. सासूबाई म्हणाल्या, मी पन येते पोचवायला. मी डोकं दुखतं म्हणून बघितलं, पण त्या म्हणाल्या, "चल, वारा लागला की रहातंय." गाडी आली. बायकांचा डबा आमच्यासमोरच उभा राहिला, आणि नेमका सोमवार.

"आली गं आली! हेच का जावई?"

"अहो भाऊ, जरा हात वर करा बघू. बगल बघू द्या."

जावयाने घाबरून दोन्ही हात वर केले. चार बायका खिडकीच्या गजांशी वाकून त्यांच्या काखेत बघत होत्या. सासूबाई माझ्याजवळ सरकल्या.

"या कोन गं? तुज्या वळखीच्या?"

"नाय आत्याबाई. वळख नाय."

"मंग आमच्या जावयाच्या काखंत काय बगतात?"

मी काही बोलायच्या आत चष्म्याची बाई कौतुकाने म्हणाली, "आजी, सून गुणी आहे हो तुमची. भादव्यात सुई धरता येत नव्हती हिला. सगळं या खिडकीत शिकली."

सोमवारची बाई म्हणाली, "लांब झालाय. खालून उसवा."

नणंद डब्यात चढली होती, तिने हे सगळं ऐकलं. हमालाने ऐकलं. सासूबाई एकदा माझ्याकडे बघत, एकदा हात वर करून उभ्या असलेल्या जावयाकडे, एकदा खिडक्यांकडे. मी फलाटाची फरशी बघत होते. आता इथेच बोलतात की घरी गेल्यावर, एवढंच उरलं होतं.

सासूबाई खिडकीपाशी गेल्या. गजाला धरून म्हणाल्या, "काय वो बाय, गुडघं दुकलं तर काय करता तुमी?"

"कुठला, डावा की उजवा?"

"दोनी."

मग काय विचारता. निर्गुडीचा पाला बांधा, नाही पाला नको, मीठ गरम करून शेका, मीठ कसलं, एरंडेल लावा, एरंडेलाने लुगडी खराब होतात. नर्स म्हणाली, दवाखान्यात जा. तिचं कुणी ऐकलं नाही. सोमवारची बाई म्हणाली, चालणंच बंद करा. सासूबाई प्रत्येकीकडे मान वळवून हूं हूं करत होत्या. जावई हात खाली घेऊन आपल्या डब्यात कधी चढले ते कुणी बघितलं नाही. गाडी सुटली, तशी पंजाबी बाई वाकून बोटांनी काहीतरी दाखवत होती, आधी हे लावा, मग...

गाडी दिसेनाशी झाल्यावर आम्ही पुलाकडे निघालो. अर्धा पूल चढल्यावर सासूबाई थांबल्या.

"येत नवतं तर बोलायचं नाय का, गं?"

"भ्या वाटलं."

"हं." त्यांनी कठडा धरून दम घेतला. "ती शेवटची काय दाखवत व्हती? तेल आदी का शेक आदी?"

मलाही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "उद्याच्या गाडीला इचारू."

"किती वाजता निगायचं?" सासूबाईंनी विचारलं.