वानवळ्याची बुट्टी

माझ्या कारखान्यात खुंटीला एक रिकामी बुट्टी टांगलेली आहे. बांबूची, कडेला निळ्या लुगड्याची पट्टी शिवलेली. भर दुपारी, बायका बोलत बोलत काजू सोलत असताना, तिच्यात बिया खडखडल्यासारख्या वाटतात. मी मान वर करते. बुट्टी जागच्या जागी असते. भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

बुट्टी माझ्या मामाची. चंदगडच्या उतारावर त्याची काजूची बाग होती. हंगामातली पहिली बुट्टी तो वानवळा म्हणून मला आणून द्यायचा. आणण्याआधी एकेक बी कानाशी धरून हलवायचा. आतला गर वाजला तरच ती वाळली. मी त्याच बिया वाफवून, सोलून, गर त्याच बुट्टीतून परत द्यायची. त्यातले पहिले चार गर तो देवापुढं ठेवायचा. वानवळ्याची बुट्टी आमच्याकडं रिकामी परत करत नाहीत.

मग आफ्रिकेच्या बियांची पोती येऊ लागली. स्वस्त होती, आणि बायकांना वर्षभर काम पुरायचं, म्हणून मीही घेतली. इकडं गावठी बीचा भाव पडला. कोल्हापूरला शेतकऱ्यांची सभा झाली, तिथं एका साहेबांनी समजावलं की गरीब देशांच्या मालाला आयातशुल्कात सूट आहे, जगाच्या व्यापाराचं तसं ठरलंय. आणि हमीभावाच्या यादीत काजू नाही. मामा उठून म्हणाला, "सायेब, ते गरीब हाईत, मान्य. मग आमी कोण?" साहेब पाणी प्यायले.

त्याच हंगामात मी घाण केली. मामा बुट्टी न्यायला दोन दिवस आधीच आला. त्याच्या बिया अजून वाफवायच्या होत्या. समोरच्या ताटात सोललेला माल तयार होता, पोत्यातला. काजू तो काजू, असं म्हणून मी बुट्टी भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. गर त्यानं माझ्या टेबलावर ओतले.

"परसाद तोंडात टाकल्यावर कळलं," तो म्हणाला. "ह्यो माझ्या बागंतला न्हाय. देवाला दुसऱ्याचा वानवळा दाखवला की गं मी."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आमचा मामा शेजारच्या वाडीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, त्या दिवशी हळू बोलला.

"तिथल्या शेतकऱ्याला तरी भाव मिळतोय का गं?"

"ठाऊक नाही, मामा."

"इचारायचं तरी." त्यानं बुट्टी स्वतःच खुंटीला टांगली. "माझ्या बिया झाल्या की भरून आण."

त्याच्या बिया आदल्याच संध्याकाळी पोत्यातल्या बियांबरोबर वाफवायच्या मोठ्या घाण्यात मिसळल्या गेल्या होत्या. हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पावसाळा गेला. दिवाळीनंतर त्यानं बाग तोडली, आणि पुढच्या हंगामाआधी तो गेला.

आता मी पोतं फोडलं की एक बी उचलून कानाशी धरते. मामाच्या बीसारखीच वाजते. तिकडंही ती कुणीतरी अशीच वाजवून बघितली असेल, हे मनातून जात नाही. त्याला काय मिळालं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मामी आली. खुंटीकडं बघून म्हणाली, "बुट्टी न्यायला आलेय. त्यांच्या हातची हाय."

मी पोत्यातल्या मालाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मामी, रिकामी कशी देऊ?"

"आता भरायला काय ऱ्हायलंय? दे तशीच."

माझा हात खुंटीपर्यंत गेला आणि खाली आला. मामी पदर सावरून रिकाम्या हातानं एसटीकडं चालू लागली.