परीक्षेपुरते खिळे

कोणाच्याही घरी कामाला गेले की मिस्त्री आधी वहाणा काढायचे, खोलीच्या मधोमध अनवाणी उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. वजन एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. घरातलं कोणी काही विचारायला लागलं की हात वर करून म्हणायचे, "थांबा जरा. पाय ऐकून राहिले."

मग डोळे उघडून बरोबर जागा दाखवायचे. इथे फळ्यांना आधार देणारी कडी कुजली आहे, इथली फळी वाळवीने आतून पोकळ केली आहे. फळी उचलून पाहिली की तसंच निघायचं.

पांढुर्ण्याच्या जुन्या वस्तीतल्या माड्या तुम्ही पाहिल्या असतील तर त्यांच्या सागवानी फळ्यांच्या जमिनी तुम्हाला ठाऊक असतील. आता बरेच लोक त्या काढून स्लॅब टाकतात, वर टाइल्स बसवतात. ज्यांना त्या ठेवायच्या असतात त्यांच्यासाठी आमच्या भागात हे एकच मिस्त्री उरले होते. मी त्यांना काका म्हणायची. त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. लिहिण्यात माझीही एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती काही चांगली नाही.

मी रामाकोना या खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पांढुर्ण्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या माडीवर भाड्याने राहायची. त्यांना मी काकू म्हणते. शेवटच्या वर्षाला होते त्या पावसाळ्यात छपरातून पाणी गळून माझ्या खोलीतल्या खिडकीकडच्या फळ्या कुजल्या. काकूंचा मुलगा फोनवरून म्हणत होता, सगळं काढून टाका. काकू म्हणाल्या, "माह्या सासऱ्यानं टाकलेली जमीन हाय. मिस्त्रीले बोलवा."

काका आले ते थंडीत. तिगावला पडलेल्या एका घराच्या तुळया त्यांनी मिळवल्या होत्या. त्या आरा मशीनवर चिरून, रंधा मारून त्यांनी नव्या फळ्या केल्या. निम्म्या खोलीत त्या नीट एकीला एक लावून मांडल्या आणि हत्यारं पिशवीत भरायला लागले.

"खिळे?" काकूंनी विचारलं.

"उन्हाळ्यात."

"म्हणजे तोवर अशाच?"

"लाकूड जुनं असलं तरी नव्यानं चिरलं की ते नवंच असते, बाई. त्याले या घराची हवा लागू द्या. मे महिन्यात जेवढं आकसायचं तेवढं आकसन. मंग दाबून बसवतो अन् ठोकतो. आता ठोकलं तर फाटन."

हा त्यांचा नियम होता. नुसत्या मांडलेल्या फळ्यांवर एक उन्हाळा काढायचा, मगच खिळा. या नियमापायी लोक त्यांना हसत. "मिस्त्रीची जमीन अन् सरकारी रस्ता, दोन्ही एका सालात होत नाही," असं त्यांच्या तोंडावर म्हणत. तेही हसत. पण त्यांनी बसवलेल्या जमिनीत पोस्टकार्डही शिरायचं नाही, हे हसणारेच दुसऱ्यांना सांगत.

आता माझी अडचण. मला बसून पाठ होत नाही. लहानपणापासून मी चालत चालत वाचते. घरी अंगणात, इथे या खोलीत. उरलेल्या निम्म्या खोलीत खाट आणि सामान होतं, आणि सुट्या फळ्यांवर पाऊल टाकलं की खडाखड वाजायचं आणि खाली स्वयंपाकघरात भुसा पडायचा. काकू खालून ओरडायच्या, "आला वो टांगा! माह्या वरणात कायले भुसा टाकून राहिली?" त्यात आजोबा, म्हणजे काकूंचे यजमान, खालच्या खोलीत आजारी होते. त्यांना जरा आवाज झाला की दचकायला व्हायचं. म्हणून मी बसून वाचायला लागले. पान उलटायची आणि मागचं पुसलं जायचं.

मार्चच्या सुरुवातीला काका फळ्या पाहायला आले. मी खाटेवर पुस्तक घेऊन बसले होते. ते बराच वेळ फळ्यांऐवजी माझ्याकडेच पाहत राहिले.

"काऊन वो बाई, बसल्या बसल्या पाय काऊन चालून राहिले तुहे?"

मला लाज वाटली. सांगू की नको असं करत सगळं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं की पंधरा दिवसांनी पेपर आहेत आणि नापास झाले तर बाबा परत पाठवणार नाहीत.

काका फळ्यांवर एकदा नजर फिरवून गेले. दुसऱ्या दिवशी खिळ्यांचा पुडा घेऊन आले. काकू बाजारात गेल्या होत्या. दोन तासांत सगळ्या फळ्या ठोकल्या.

"चाल बरं."

मी चालले. आवाज नाही.

"तुह्या परीक्षेपुरते हायेत खिळे," ते म्हणाले. "पेपर झाले की काढतो. कडक ऊन लागायच्या आत झालं पाह्यजे."

पण त्या वर्षी ऊन लवकर तापलं आणि माझे शेवटचे दोन पेपर पुढे ढकलले गेले. काका एकदा आले. मी चालत वाचत होते. जिन्यात उभे राहून पाहिलं आणि "चालू दे" म्हणून परत गेले. आठवड्याने पुन्हा आले. तेव्हाही माझा एक पेपर राहिला होता. त्या वेळी पिशवी खाली ठेवून ते फळीवर हात फिरवत बसले होते, हे मला चांगलं आठवतं. मी विचारलं, "काढता का काका?" ते म्हणाले, "चार दिवसानं काय होते?"

त्या चार दिवसांतच झालं. एका दुपारी फटाका फुटावा तसा आवाज आला. दोन फळ्या खिळ्यांच्या भोकांपासून लांबवर चिरत गेल्या होत्या आणि बाकीच्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या.

काकूंनी त्यांना बोलावून घेतलं. शेजारचे दोघे-तिघेही वर आले. "तुमचाच नियम अन् तुम्हीच मोडला? एवढं वय झालं अन् पोराटोरावानी चूक करून राहिले!"

काका मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, बाई."

मी तिथेच, पाण्याची बादली घेऊन दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. वाटलं, काकू मला खोली सोडायला लावतील. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. मिस्त्रीची जमीन फाटली, असं पानठेल्यावरही मी ऐकलं. सौसरच्या एका निवृत्त मास्तरांनी घरातली सगळी जमीन काकांकडून नव्याने करून घ्यायचं ठरवलं होतं. वर्षभराचं काम होतं. हे ऐकून मास्तर स्वतः आमच्याकडे पाहायला आले. काकांनाही बोलावलं होतं.

मास्तर खाली वाकून फटी पाहत होते. "केव्हा ठोकल्या?"

"मार्चात."

"कशासाठी?"

"घाई केली," काका म्हणाले.

मास्तर उठले आणि चष्मा पुसायला लागले. आता ते जाणार आणि काम जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मी पुढे झाले. म्हणाले, "घाई माझी होती. माझ्या परीक्षेसाठी त्यांनी ठोकल्या. काढायला दोनदा आले, तर माझे पेपर चालू होते म्हणून परत गेले."

काकू माझ्याकडे वळल्या. "अवं माय! मंग त्या दिवशी काय मिठाची गुळणी धरली होती का वो?"

काकाच बोलले, आणि चिडून बोलले. "हिचं नोका ऐकू, मास्तर. परीक्षा हिची होती, पण हातोडा माहा होता. लाकूड मले समजते, हिले नाही. चूक माहीच हाय."

मास्तरांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "माझ्या घरी कोणाची परीक्षा नाही, मिस्त्री," ते म्हणाले. "या पुढच्या आठवड्यात. सवडीनं करा."

जिना उतरताना मी काकांच्या मागे गेले. "काका, त्या दिवशी मी..."

"पास झाली का?"

"निकाल यायचा आहे."

"मंग आधी थे होऊ दे. बाकीचं मंग बोलू." आणि पिशवी खांद्याला लावून गेले.

चिरलेल्या दोन फळ्या त्यांनी पुढे बदलून दिल्या, बाकीच्या दाबून नीट बसवल्या. मी त्या दिवसांत रामाकोन्याला होते. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेसाठी परत आले, तेव्हा काकूंनी मला खोली सोडायला लावली नाही. "चालून चालून वाच आता," एवढंच म्हणाल्या.

काका त्याच वर्षी थंडीत गेले. झोपेतच. सौसरचं काम पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याने पुरं केलं. काका गेल्याचं मला कळलं तेव्हा मी छिंदवाड्याला पुढच्या शिक्षणासाठी गेले होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते निकालानंतर. पास झाले होते. पेढे घेऊन सौसरला मास्तरांच्या घरी गेले. वाटेत बसमध्ये काय बोलायचं ते मनात तीन-चारदा म्हणून पाहिलं. दुपार होती. मास्तरांनी बैठकीच्या दाराशी नेलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत सगळ्या खोलीभर नव्या फळ्या मांडलेल्या होत्या, आणि भिंतीकडेला काका कुशीवर झोपले होते. हात डोक्याशी, गाल फळीवर. टाचांच्या भेगांत भुसा भरला होता.

"उठवू का?" मास्तरांनी खुणेने विचारलं.

मी मानेनेच नको म्हटलं. पेढे निदान त्यांच्या उशाशी ठेवून यावेत म्हणून चप्पल काढली. मग खाली पाहिलं. एकाही फळीला खिळा नव्हता. उंबऱ्यावरून पाऊल उचललं होतं, ते मी तसंच मागे घेतलं.